तनूच्या लघवीचं माप

लघवी हा शब्द माणूस चारचौघांत किती वेळा बोलतो? मी तर बोलतच नव्हतो. पण गेल्या वर्षी तीन आठवडे माझ्या आणि माझ्या बायकोच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. गावाकडून फोन आला की आई एवढंच विचारायची, "झाली का?" काय झाली, ते कुणाला सांगावं लागायचं नाही.

माझी मुलगी तनुजा, घरात तनू, सोळा महिन्यांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यानंतर तिच्या किडन्या बंद पडल्या. आज ती बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण दवाखान्यातल्या बाकावर बसून असलं काही वाचायला मिळालं की मी आधी शेवटचं पान बघायचो.

तिथल्या समाजसेवा विभागातल्या ताई मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही लिहा. नवीन आई-बाप येतात, त्यांना आमच्यापेक्षा तुमचं पटेल."

मी म्हणालो, "ताई, माझी आठवी झालीय. ती पण कशीबशी."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच लिहा."

पेढे वाटायची घाई

मी खटाव तालुक्यातला. आठवीनंतर शाळा सोडून चुलत्याबरोबर वाशीला आलो. तिथल्या घाऊक बाजारात कांद्याच्या गाळ्यांवर मी मापाडी आहे. गोणी काट्यावर चढली की वजन बघायचं, आकडा मोठ्यानं बोलायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. बारा वर्षं झाली. राहायला कोपरखैरण्यात गाववाल्यांच्या खोलीवर, आठ जण. बायको सुवर्णा, तनू आणि माझी आई गावाला. मी दीड-दोन महिन्यांनी जायचो.

तनू दूध पिताना दमायची. चार घोट घेतले की थांबायची, कपाळावर घाम यायचा. आई म्हणायची, "घामट हाय, बापावर गेलीय." साताऱ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. हृदयात भोक होतं. ते आपोआप बुजेल, थांबू या, असं घरातलं सगळ्यांचं मत होतं. मी एकट्यानं ठरवलं की नवी मुंबईला आणायची आणि ऑपरेशन करायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मला ते फार ऐकून घ्यावं लागलं.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मोठे सर बाहेर आले. "भोक बंद केलंय. हृदय चांगलं चाललंय. अजून दोन-तीन दिवस बघू द्या," म्हणाले. मी पहिली दोन वाक्यं ऐकली. लगेच बाजारात शंकरआण्णांना फोन लावला. आण्णा आमच्यातले सगळ्यांत जुने मापाडी, मला काम त्यांनीच शिकवलेलं. "आण्णा, झालं! पेढे वाटा." त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूच्या दारातून हाक आली, "तनुजाचे आई-वडील!" आत एक नवीन मॅडम उभ्या होत्या. लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टर.

"कालपासून तिला लघवी झालेली नाही," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. मी जरा चढ्या आवाजातच बोललो, "मॅडम, ऑपरेशन हृदयाचं केलं ना? मग किडनीचं मधेच काय?"

त्या रागावल्या नाहीत. आम्हाला बसवलं, मग सांगितलं. हृदय दुरुस्त करायला थोडा वेळ थांबवावं लागतं, तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. नंतरही दीड दिवस तनूचं हृदय कमी जोरानं चालत होतं. त्या गडबडीत किडन्यांना रक्त कमी पोचलं. "आता हृदय सावरलंय. पण किडन्या रुसल्यात."

सुवर्णानं विचारलं, "रुसल्यात म्हंजे परत बोलतील का?"

"लहान मुलांच्या बहुतेक वेळा बोलतात. किती दिवसांत, ते आज नाही सांगता येणार. आणि कधी कधी नाही बोलत. तेही मी तुमच्यापासून लपवणार नाही."

त्या वेळी मला या बाईंचा रागच आला होता. शेवटचं वाक्य कशाला बोलायचं? आज वाटतं, त्या एका वाक्यामुळे त्यांचं बाकीचं सगळं मला खरं वाटत गेलं.

काचेच्या आत

तनूला बघितलं तेव्हा मी आधी शेजारच्या खाटेकडे गेलो. ओळखलीच नाही. तोंड फुगून डोळ्यांच्या नुसत्या रेघा राहिलेल्या. हाताच्या मनगट्या, काळ्या मण्यांच्या, मांसात रुतायला लागल्या म्हणून सिस्टरनं कापून काढल्या होत्या. सुवर्णाला सुजेपेक्षा त्याचंच जास्त लागलं. दृष्टीच्या मनगट्या, आजीनं घातलेल्या, कापल्या! ती बोलायच्या आतच सिस्टरनं खाटेच्या पायथ्याला चिकटवलेलं पाकीट दाखवलं. सगळे मणी मोजून आत ठेवले होते. "तिच्याजवळच आहेत, काळजी करू नका." त्या सिस्टरचं नाव मला कधी कळलं नाही. अशी माणसं तुम्हालाही भेटतील, नाव विचारून ठेवा.

त्याच दिवशी डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचे एक सर आले, आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाणारे. ते रक्ताचं मशीन वेगळं. एवढ्या लहान लेकराला पोटातून करतात. बेंबीच्या खाली बारीक मऊ नळी घालतात, वर टांगलेल्या पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडतात, थोडा वेळ ठेवतात आणि परत खाली उतरवतात. उतरताना ते अंगातली घाण आणि जादा पाणी घेऊन येतं. तासाला एक फेरी, दिवसरात्र. शंभर आत गेलं आणि एकशे दहा बाहेर आलं की सिस्टर खूश.

मी वाचून-लिहून फार शिकलेला नाही, पण आत किती आणि बाहेर किती हे मला कळत होतं. भेटायच्या दहा मिनिटांत मी तनूच्या तोंडाकडे कमी आणि खालच्या पिशवीकडे जास्त बघायचो. लाज वाटायची, पण तोंडाकडे बघवत नव्हतं.

सकाळी अकराला एक जण, संध्याकाळी पाचला एक जण. सकाळी सुवर्णा, संध्याकाळी मी. बाकी दिवस बाकावर. तिथं बसणाऱ्यांचं एक गावच होतं. कोण आज बाहेर आलं, कोणाचं काय वाढलं, सगळं सगळ्यांना माहीत. आपल्या लेकराला बरं असलं तरी तोंड फार हसरं ठेवायचं नाही, शेजारच्याचं आत वाईट चाललेलं असतं. हे कुणी शिकवलं नाही, आपोआप जमलं.

सुवर्णा बोलेना

आता घरातलं. हे लिहू का नको, असं झालं होतं. सुवर्णा म्हणाली, लिहा.

पहिले दोन दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. बाकावर आमच्या मधे कपड्यांची पिशवी ठेवायची. मी चहा आणला की घ्यायची, प्यायची, कप खाली ठेवायची. बोलणं नाही. शेवटी मीच म्हणालो, "काय ते बोलून टाक एकदा."

तर म्हणाली, "चांगली रांगत हुती माझी पोर. धरून दोन पावलं टाकाय लागलेली. दमायची, पर हसायची तरी. तुमालाच घाई. तुमी आनली हितं."

 खरंच होतं. मीच आणली होती.

"तुमी तिला वर्षातनं किती दिवस बघितलीया? सांगा की. मला म्हाईत हाय ती कशी हुती."

हे जे लागलं, ते अजून आहे. पण मी उलट बोललो नाही, एवढं मात्र बरं केलं. दवाखान्यात एकमेकांना तोडून बोलणारी बरीच जोडपी मी बघितली. भीतीला जागा लागते, ती जवळच्या माणसावर जाऊन बसते. एवढं समजलं की बोलणं जरा कमी लागतं.

पाचव्या दिवशी दुपारी किडनीच्या मॅडम स्वतः बाकापाशी आल्या. हाताची पाच बोटं वर केली.

"पाच एमएल."

"काय पाच?"

"लघवी. स्वतःची, तिची तिनं केलेली. पाच एमएल."

मी विचारलं, "म्हणजे किती, मॅडम?"

"चमचाभर."

सुवर्णानं पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. "चमचाभर केली वो! चमचाभर!" बाकावरचे सगळे बघत होते. पलीकडच्या मुसलमान चाचींनी कशाला काय न विचारता दोन्ही हात वर केले. गावाला फोन केला. आई म्हणाली, "चमचा तर चमचा. माझ्या बाईनं सुरवात तर केली."

काटा माझ्या हातात

पुढं चमच्याची वाटी झाली. नवव्या दिवशी डायलिसिस थांबवलं. पोटातली नळी मात्र चिमटा लावून तशीच ठेवली, परत लागली तर असावी म्हणून. अकराव्या दिवशी तनू वॉर्डात आली. आता ती आमच्याजवळ होती, मांडीवर घेता येत होती. लघवीची नळीही काढली होती. मग लघवी मोजायची कशी? तर डायपर वजन करून, एक ग्रॅम म्हणजे एक एमएल.

तिथं मंदा सिस्टर होत्या. करावे गावच्या, मूळच्या खाडीकाठच्या. तोंडानं फटकळ, हातानं एकदम मऊ. पहिल्या दिवशी डायपर त्यांनीच मोजले. दोनशे चाळीस एमएल झाली. "रोज अशीच झाली ना, तं परवा नली कारतील," म्हणाल्या. नळी निघणं म्हणजे किडन्या पास झाल्या. कमी झाली तर परत आयसीयू, परत डायलिसिस, आणि आम्ही परत बाकावर. पुढचे दोन दिवस सगळं एवढ्यावरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गर्दी झाली. मंदा सिस्टरनी छोटा वजनकाटा आमच्या खाटेजवळच्या टेबलावर आणून ठेवला. "दादा, तू काय काम करतंस?"

"बाजारात मापाडी आहे."

"आरं मंग तुजंच काम हाय की ह्यो! डायपर बदल्ला का काट्यावर ठेव नि आकडा लिव कागदावर. रोज संध्याकाली-सकाली मी बेरीज करन."

काय सांगू, त्या दिवशी मला किती बरं वाटलं! अकरा दिवस सगळ्या दवाखान्यात एक मीच बिनकामाचा होतो. डॉक्टरला काम, सिस्टरला काम, सुवर्णाला पण मांडीवर घ्यायचं काम. आता काटा माझ्या हातात आला.

आमच्या बाजारात काम शिकताना पहिली गोष्ट शिकवतात ती बारदानाची. बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. गोणी काट्यावर चढली की काट्यावर दिसतो तो आकडा बोलायचा नाही. पोत्याचं वजन मनातल्या मनात वजा करायचं आणि नुसत्या मालाचा आकडा बोलायचा. शंकरआण्णांनी मला पहिल्या महिन्यात त्यावरून किती टपल्या मारल्या असतील! बारा वर्षांत ते इतकं अंगात गेलंय की गावाला दुकानात साखर घेतली तरी मी पिशवीचं वजन मनात वजा करतो.

तर मी काय केलं? आधी कोरा डायपर काट्यावर ठेवला. वीस ग्रॅम. मग ओला ठेवला, बावन्न भरला. वीस वजा केले आणि कागदावर बत्तीस लिहिलं. सुंदर अक्षरात.

सुवर्णा म्हणाली, "सिस्टरला इचारा की एकदा, असंच लिवायचं का."

मी म्हणालो, "बारा वर्षं काट्यावर आहे मी."

शून्य

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मॅडम राऊंडला आल्या. कागद बघितला, परत बघितला. तनूच्या पायावर बोट दाबून सूज बघितली. तनूचं सकाळचं वजन विचारलं, ते कालच्यापेक्षा कमी होतं. कपाळाला आठी.

"काल दोनशे चाळीस होती. आज शंभरच?"

सुवर्णा उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, "रक्त पाठवू या आत्ताच. आणि हिला परत आयसीयूत हलवायची तयारी ठेवा. रिपोर्ट तसाच आला तर डायलिसिस परत सुरू करावं लागेल." मग आमच्याकडे वळून हळू आवाजात, "होतं असं कधी कधी. जाग्या होऊन परत मागे जातात. अजून हरलो नाही आपण."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. सुवर्णानं तनूला छातीशी धरलं. ती रडली असती तर मला परवडलं असतं. ती नुसती म्हणत होती, "परत आत नको. परत आत नको."

मी कागद हातात घेतला. काय करायचं म्हणून नाही, हातांना काहीतरी हवं होतं. माझ्या आकड्यांच्या पुढं मंदा सिस्टरनी लाल पेनानं त्यांचे आकडे लिहिले होते, बेरजेसाठी. एका ठिकाणी लाल पेनानं शून्य होतं. दुपारी तीनचा डायपर.

मला तो डायपर आठवत होता. फार नाही, पण ओला होता. कोरडा असता तर मी बदलला कशाला असता?

मी त्या शून्याकडे बघत राहिलो. शून्याशेजारी माझ्या अक्षरात वीस. त्याच्या वर माझे एकेचाळीस, त्यांचे एकवीस. वर माझे अठ्ठावीस, त्यांचे आठ. खाली वर, सगळीकडे वीसचा फरक.

मी एकेका ओळीवर बोट ठेवून परत मोजलं.

आता हे प्रामाणिकपणानं लिहितो. कळल्यावरही मी लगेच उठलो नाही. दोन मिनिटं, तीन मिनिटं, तसाच बसलो. डोक्यात काय आलं? आता सगळे म्हणणार, अडाण्याच्या हातात काटा दिला की असं होतं. सुवर्णा काय म्हणेल, ते तर ठरलेलंच. आणि माझं चुकत असेल तर? शून्य खरंच असेल आणि मीच आशेनं काहीतरी जोडत असेन तर? समोर मंदा सिस्टर रक्त काढायची सुई घेऊन आल्या. तनूनं सुई ओळखली आणि ओठ काढला. मग मात्र मी उठलो.

"सिस्टर, तुम्ही बारदान वजा करता का?"

"काय करता?"

"बारदान. डायपरचं. कोऱ्या डायपरचं वजन तुम्ही काढून टाकता का बेरजेच्या आधी?"

"कारते की. परतेकामागं वीस."

"मी पण काढलं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कागदाकडे. मग परत माझ्याकडे.

"आरं देवा! दादा, तू कांदं मोजतंस का पोर?"

सुवर्णा म्हणाली, "काय झालं? काय झालं वो?"

मी म्हणालो, "सिस्टर, मला सगळी वजनं पाठ आहेत. डायपरसकट. लिहा." मापाड्याला हे सांगावं लागत नाही, दिवसभराची वजनं संध्याकाळपर्यंत डोक्यात राहतातच. "बावन्न. अठ्ठेचाळीस. एकसष्ट. चाळीस, हा तीनचा. पंचावन्न. अठ्ठावन्न. पंचेचाळीस. पन्नास. आणि आज सकाळचा एकावन्न."

त्यांनी मोबाईलवर बेरीज केली, नऊ डायपरचे नऊ वेळा वीस काढले. माझ्यासमोर धरला. दोनशे ऐंशी.

"मॅडम! ओ मॅडम!" त्या वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा ओरडल्या.

दीड तास

मॅडम आल्या, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता बोलणी खायची. त्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "मला सकाळपासून हेच कोडं पडलं होतं. सूज उतरलीय, वजन उतरलंय, मग पाणी गेलं कुठं?" मग मला, "तुमच्या पाठांतरावर माझा विश्वास आहे हो. पण रक्ताच्या रिपोर्टवर जास्त आहे. तो येऊ द्या. आणि पुढचा डायपर सगळ्यांसमोर मोजू."

दीड तास. आयुष्यातला सगळ्यात मोठा. सुवर्णा मला काही बोलली नाही, पण पिशवीही मधे ठेवली नाही. आम्ही दोघं तनूच्या दोन बाजूंना बसून तिच्या डायपरकडे बघत होतो. ती आमच्याकडे बघत होती. शेवटी जरा लाल झाली, अंग शहारलं तिचं, आणि सुवर्णा ओरडली, "केली! केली!"

मंदा सिस्टर धावत आल्या. मी डायपर काढला आणि काट्यावर ठेवला, आणि हात मागं घेतला. आकडा बोलायचा धीर होईना.

"बोल की रं," त्या म्हणाल्या.

"बासष्ट. डायपरसकट."

वॉर्डातल्या दोन आया हसल्या. कुणीतरी टाळी पण वाजवली. एवढ्यात रिपोर्ट आला. मॅडमनी फोनवरच बघितला आणि मान हलवली. किडनीचा जो आकडा खाली यायला हवा होता, तो कालच्यापेक्षाही खाली आला होता. आयसीयूची तयारी रद्द.

मी मॅडमना म्हणालो, "चुकलो. विचारायला पाहिजे होतं."

त्या म्हणाल्या, "आम्हीही लिहून द्यायला हवं होतं, कसं मोजायचं ते. आम्ही धरून चाललो. तुम्हीही धरून चाललात." त्यांनी तिथल्या तिथं कागदाच्या डोक्यावर मराठीत लिहिलं, 'डायपरसकट वजन लिहावे.' आता तिथं सगळ्या कागदांवर ती ओळ छापलेली असते म्हणे.

मला वाटलं काटा आता काढून घेतील. मंदा सिस्टरनी पेन माझ्या हातात परत ठेवलं. "ह्यो घे. आता पोत्यासकट लिव, समाजलं?"

दुसऱ्या दिवशी तनूच्या पोटातली नळी काढली. दोन टाके आणि एक पट्टी. एवढंच राहिलं.

तुम्ही आत्ता बाकावर असाल तर

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं काही सांगत नाही. खर्चाचंही नाही, ते ज्याचं त्याचं वेगळं असतं. समाजसेवा विभागात पहिल्या दिवशीच जा, लाजू नका, एवढंच.

'कधी बरी होईल' असं मी रोज विचारायचो आणि रोज उत्तर नाही मिळालं की खचायचो. मग मॅडमनीच सांगितलं, "कालपेक्षा आज कसं आहे, ते विचारा. त्याचं उत्तर माझ्याकडे असतं." तेव्हापासून तेच विचारलं.

जे तुम्हाला येतं असं वाटतं, ते तर आधी विचारा. जे येत नाही ते माणूस विचारतोच. मी डायलिसिसबद्दल शंभर प्रश्न विचारले असतील, सिस्टरनी कंटाळून उत्तरं दिली असतील. डायपरबद्दल एकही विचारला नाही.

आणि चूक कळली की उठा. माझी ती तीन मिनिटं गेली, तेवढीसुद्धा घालवू नका. कुणी हसणार नाही. आणि हसलं तरी हसू द्या.

शंकरआण्णांनी आणि बाकीच्या मापाड्यांनी माझ्या सगळ्या पाळ्या तीन आठवडे वाटून घेतल्या. परत गेलो त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी मला एकच विचारलं, "काय मापाडी, बारदान काढलं का?" सुवर्णानंच फोनवर आण्णांच्या घरी सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. आता आमचं काही भांडण झालं आणि मी जरा मोठेपणानं बोलायला लागलो की ती एवढंच म्हणते, "हां, बारा वर्षं काट्यावर."

सुवर्णा आणि तनू, दोघी आता माझ्याजवळ असतात. तुर्भ्याला एक खोली घेतलीय भाड्यानं. तनूला कुठल्या दिवशी काय नवीन यायला लागलं, ते आता मलाही माहीत असतं.

परवा

परवा गावाला चुलतबहिणीची हळद होती. तनू आता अडीच वर्षांची. धावते, ओरडते, तिच्यापेक्षा मोठ्या पोरांना ढकलते. सहा महिन्यांनी एकदा तपासायला नेतो. मागच्या वेळी मॅडम म्हणाल्या, दोन्ही किडन्या व्यवस्थित आहेत.

हळदीत आई नवीन साडी नेसून बसली होती, हिरवी, जरीची. तनू तिच्या मांडीवर. नाच बघता बघता तनू एकदम गप्प झाली. मला आणि सुवर्णाला ते गप्प होणं ओळखीचं. आम्ही दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे बघितलं, पण उशीर झाला होता.

"अगं बया! अगं माझं लुगडं!" आई उठायला लागली. शेजारच्या बायका हाय हाय करत मागं सरकल्या. कुणी म्हणालं, धरा तिला, बाहेर न्या, एवढी मोठी झाली पोर.

सुवर्णा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथनंच ओरडली, "ऱ्हाऊ द्या आई, हलू नगा. हूं द्या तिची सगळी."

आई तशीच बसून राहिली.